गाडी खाली घेतली, रीलही चालली... पण मग गाडी टायर का खायला लागली?

वडीगोद्री. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातलं गाव. २०२४ च्या जूनमध्ये ओबीसी आरक्षणाच्या उपोषणामुळे हे नाव राज्यभर पोहोचलं. पण त्याआधीपासून धुळे-सोलापूर महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत आहे. कारण जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता इथेच महामार्गाला मिळतो.

आता एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. गावातल्या एका घरात पहिली चारचाकी आली. पुण्याहून आणलेली सेकंड हँड हॅचबॅक. आधीच्या मालकाने हौसेने गाडी खाली घेतलेली, म्हणजे 'लोअर' केलेली. टायर आणि मडगार्डच्या मध्ये दोन बोटंही जात नाहीत. दिसायला एकदम कडक, रीलवर कमेंटचा पाऊस.

तीन-चार महिन्यांनी पंक्चरवाला चाक खोलतो आणि दाखवतो. टायर बाहेरून नवा दिसतोय, पण आतल्या कडेला तारा बाहेर आल्यात.

"गाडी टायर खातेय दादा, अलाइनमेंट करून घ्या," एवढं सांगून तो मोकळा होतो.

पण गाडी टायर खाते म्हणजे नेमकं काय होतं? गाडी खाली घेण्याचा आणि अलाइनमेंटचा काय संबंध? आणि अशी गाडी गळ्यात पडली तर करायचं काय? एकेक करून बघू.

आधी हे बघू, गाडी खाली घेतात कशी?

गाडीचं वजन स्प्रिंगवर असतं. स्प्रिंगचं उसळणं आवरायचं काम शॉकअपचं. पुढच्या चाकांना बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये या दोघांची एकत्र जोडी असते. तिला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरचं हे डिझाइन. कमी जागा, कमी पार्ट, कमी खर्च, म्हणून जगभर चाललं. आपल्याकडची स्विफ्ट घ्या, पुढे हेच असतं.

गाडी खाली घेण्याचे साधारण चार मार्ग आहेत.

पहिला, स्प्रिंग कापणं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट. स्प्रिंगचे वेढे कमी झाले की ती कडक होते. सहा वेढ्यांतला एक कापला तर कडकपणा साधारण २० टक्क्यांनी वाढतो. शॉकअप मात्र जुन्या स्प्रिंगच्या हिशोबाने बनवलेला असतो, त्याला ही नवी उसळी आवरत नाही. त्यात चाक खड्ड्यात लोंबकळलं तर कापलेली स्प्रिंग तिच्या जागेवरून सरकू शकते. काही जण गॅसने तापवून स्प्रिंग बसवतात. त्यात तर पोलादाला दिलेलं पाणीच उतरतं.

दुसरा, लोअरिंग स्प्रिंग. म्हणजे मुळातच कमी उंचीची बनवलेली स्प्रिंग. कापण्यापेक्षा बरी, पण उंची ठरलेली.

तिसरा, कॉइलओव्हर. हे खरं 'ॲडजस्टेबल सस्पेन्शन'. शॉकअपच्या नळीवर बाहेरून बोल्टसारखे आटे पाडलेले असतात. त्यावर एक चकती फिरते आणि स्प्रिंग त्या चकतीवर टेकते. चकती खाली फिरवली की गाडी खाली, वर फिरवली की गाडी वर. खास पान्याने हे काम होतं. यातही दोन प्रकार येतात. स्वस्तातल्या सेटमध्ये फक्त ही चकती हलते. त्यामुळे गाडी जितकी खाली, तितकी शॉकअपला दबायला जागा कमी. चांगल्या सेटमध्ये शॉकअपची खालची नळीही वर-खाली होते. त्यामुळे उंची कमी करूनही शॉकअपची हालचाल वाचते.

चौथा, एअर सस्पेन्शन. स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या. बटण दाबलं की गाडी बसते, पुन्हा दाबलं की उठते. सगळ्यात महाग.

ही आयडिया मुळात आली कुठून?

याचा एक किस्सा कॅलिफोर्नियाचा आहे. तिथल्या मेक्सिकन-अमेरिकन तरुणांमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्या खाली घ्यायची क्रेझ आली. त्यांना लोरायडर म्हणतात. १९५० च्या दशकाच्या शेवटी तिथे कायदा आला की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली जाता कामा नये. पोलीस दंड करायला लागले.

मग १९५९ मध्ये रॉन अगिर्रे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. शोमध्ये गाडी खाली, पोलीस दिसले की गाडी वर.

थोडक्यात काय, तर उंची हवी तेव्हा बदलता आली पाहिजे ही गरज तिथे पोलिसांमुळे आली. आपल्याकडे ती स्पीड ब्रेकरमुळे येते. कसं ते पुढे येईलच.

उंची बदलली की चाकाचा कोन का बदलतो?

सगळ्या लेखातला कळीचा मुद्दा हाच आहे, म्हणून जरा निवांत वाचा.

दरवाजा उघडताना त्याची कडी सरळ रेषेत पुढे येत नाही, गोलाकार फिरते. कारण दरवाजा बिजागरीला बांधलेला असतो. गाडीचं पुढचं चाकही तसंच बांधलेलं असतं. खालून लोअर आर्म नावाची पट्टी आणि बाजूने स्टिअरिंगकडून येणारा टाय रॉड. दोघांची एक टोकं गाडीच्या बाजूला, दुसरी चाकाकडे.

गाडी खाली बसली, म्हणजे बॉडीच्या तुलनेत चाक वर गेलं. चाक वर जाताना लोअर आर्म एका गोलाईत फिरतो, टाय रॉड दुसऱ्या गोलाईत. दोघांची लांबी आणि बिजागरीची जागा वेगळी, त्यामुळे दोन्ही गोलाया तंतोतंत जुळत नाहीत. कंपनीने ठरवलेल्या उंचीच्या आसपास हा फरक किरकोळ राहील अशी रचना केलेली असते. तुम्ही चार-पाच सेंटिमीटर खाली गेलात की हा फरक चाकाच्या कोनात दिसायला लागतो.

म्हणून हे लक्षात ठेवा. चकती फिरवून उंची बदलते. पण त्यासोबत बदललेला कोन आपोआप जागेवर येत नाही. तो मोजून दुरुस्त करावा लागतो. त्या दुरुस्तीला अलाइनमेंट म्हणतात.

कॅम्बर, टो, कॅस्टर. हे काय प्रकरण आहे?

अलाइनमेंटच्या कागदावर तीन शब्द असतात.

कॅम्बर : गाडीसमोर उभं राहून बघा. चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असेल तर निगेटिव्ह कॅम्बर, बाहेर झुकलेला असेल तर पॉझिटिव्ह. खाली घेतलेल्या गाडीची चाकं बहुतेकदा वरून आत झुकतात. मग वजन टायरच्या आतल्या कडेवर येतं.

टो : आता गाडी वरून बघताय असं समजा. दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलेली असतील तर टो-इन, एकमेकांपासून लांब असतील तर टो-आउट. आपण दोन्ही पायांचे पंजे आत किंवा बाहेर वळवून उभे राहतो, तसं.

कॅस्टर : चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो बाजूने पाहिल्यावर किती मागे कललाय. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो ना, तेच. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते यामुळे.

यात टायरचा सगळ्यात मोठा शत्रू कोण? अनेकांना वाटतं कॅम्बर, कारण तो डोळ्यांना दिसतो. खरा शत्रू टो आहे.

हिशोब करून बघा. चाकाची दिशा फक्त अर्ध्या अंशाने चुकली आहे. डोळ्यांना हे अजिबात कळत नाही. पण चाकाला जायचंय तिरकं आणि गाडी त्याला नेतेय सरळ. त्यामुळे दर किलोमीटरला ते चाक साधारण पावणेनऊ मीटर आडवं घासलं जातं. शंभर किलोमीटरला जवळपास ८७० मीटर! म्हणजे तुम्ही टायर रस्त्यावर आडवा धरून पाऊण किलोमीटरहून जास्त ओढत नेलात, असाच प्रकार.

त्यात निगेटिव्ह कॅम्बर आणि टो-आउट एकत्र आले तर सगळी घासाघीस आतल्या कडेवर. बाहेरून बघणाऱ्याला टायर नवाच दिसतो. सुरुवातीच्या प्रसंगातल्या गाडीचं नेमकं हेच झालेलं असतं.

आणि हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. नियमाप्रमाणे कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी खोल असायला हवी. आतली कड गुळगुळीत झालेली, उन्हाळ्याचे दिवस, गाडीत घरातली पाच माणसं आणि महामार्गावर ताशी १०० चा वेग. अशात टायर फुटला तर काय होतं हे वेगळं सांगायला नको.

मग गाडी खाली असली की रोडला चिकटते, हे खोटं का?

पूर्ण खोटं नाही. गाडीचं वजन जमिनीच्या जवळ आलं की वळणावर ती कमी कलंडते. शर्यतीच्या गाड्या म्हणूनच खाली असतात.

पण तिथे सस्पेन्शनची सगळी रचना त्या उंचीसाठी केलेली असते आणि रस्ताही गुळगुळीत असतो. साध्या गाडीत फक्त उंची कमी केली तर लोअर आर्मचा उतार उलटा होतो आणि वळणावर मिळणारा फायदा बराचसा निघून जातो. त्यात शॉकअपची दबायची जागा संपली की तो आतल्या रबरी ठोकळ्यावर, म्हणजे बंप स्टॉपवर आदळतो. त्या क्षणी तुमच्या गाडीला सस्पेन्शन नसल्यातच जमा. खड्ड्याचा दणका थेट बॉडीला, बॉल जॉइंटला आणि तुमच्या कमरेला.

वडीगोद्रीच्या रस्त्यावर किती उंची लागते?

इथे जरा आकडे मांडू.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीड ब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा. गाडी ताशी २५ किमी वेगाने आरामात जावी हा त्यामागचा विचार.

आता स्विफ्ट घ्या. दोन्ही चाकांमधलं अंतर २४५० मिमी, रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. मानकातल्या स्पीड ब्रेकरवर गाडीची पुढची-मागची चाकं एकाच वेळी मावतात. म्हणजे गाडीसुद्धा ब्रेकरसोबत वर उचलली जाते. त्यामुळे मधल्या भागात ब्रेकर गाडीच्या पोटाकडे फक्त साडेचार सेंटिमीटरच्या आसपास येतो.

पण गावात येताना लागणारा स्पीड ब्रेकर असा असतो का? मुरूम-डांबराचा, दीड-दोन फूट रुंदीचा उंचवटा. गाडीची पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि ब्रेकर बरोब्बर पोटाखाली. इथे ब्रेकरची सगळीच्या सगळी उंची मोजावी लागते.

समजा असा ब्रेकर १२ सेंमीचा आहे. कंपनीची स्विफ्ट १६.३ सेंमीवर. घरची मंडळी आणि सामान बसलं की गाडी तीन-साडेतीन सेंमी दबते, उरले साधारण १३ सेंमी. काठावर, पण निघते. तीच गाडी पाच सेंमी खाली घेतलेली असेल तर उरतात आठ सेंमीच्या आसपास. मग चेंबर घासणार म्हणजे घासणारच. आणि इंजिनचं चेंबर फुटून ऑइल गळालं, ते लक्षात न येता गाडी तशीच चालवली, तर इंजिन जाम होतं.

त्यात हा गोदाकाठचा भाग. जमीन काळी. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरचे रस्ते उठतात-बसतात. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची भर. शेतरस्त्याला चाकोऱ्या पडतात आणि मधला भाग वर राहतो. या रस्त्यांवर ग्राउंड क्लिअरन्स ही हौसेची नाही, गरजेची गोष्ट आहे.

अशी गाडी हातात आली तर काय करायचं?

सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे गाडी कंपनीच्या उंचीवर परत आणणं. कॉइलओव्हर असेल आणि सेटमध्ये तेवढी उंची मिळत असेल, तर चकती वर घेऊन हे जमतं. स्प्रिंग कापलेली असेल तर मूळ स्प्रिंग आणि शॉकअप बसवावेच लागतात. कापलेली स्प्रिंग जोडून मिळत नाही.

उंची बदलल्यावर, मग ती वर असो की खाली, कामाचा क्रम असा असतो.

१. सपाट जागेवर चारही चाकांपाशी उंची मोजा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. डावी-उजवी बाजू सारखी हवी.

२. लोअर आर्मचे रबरी बुश ज्या बोल्टने आवळतात, ते शेवटचे आवळताना चाकं जमिनीवर आणि गाडीचं वजन चाकांवर हवं. गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळले तर रबर कायम पीळ खाऊन राहतं आणि लवकर फाटतं.

३. गाडी थोडी फिरवून आणा, म्हणजे स्प्रिंग जागेवर बसते. मग उंची परत मोजा.

४. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि बुश तपासा. यात खेळ असेल तर अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे वाया. आज केलेला कोन उद्याच्या खड्ड्यात बदलणार.

५. टायरची हवा कंपनीने सांगितली तेवढी करा. दोन्ही बाजूंना हवा कमी-जास्त असली तरी गाडी एका बाजूला ओढते.

६. आता अलाइनमेंट. आधी मागची चाकं बघायची, मग पुढचा कॅम्बर आणि कॅस्टर, सगळ्यात शेवटी टो. कारण कॅम्बर बदलला की टो बदलतो. आधी टो करून नंतर कॅम्बरला हात लावला तर पहिलं काम फुकट.

७. हेडलाइट सेट करा. पुढची आणि मागची उंची वेगवेगळी बदलली की प्रकाश एकतर पायाशी पडतो, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दोन्ही धोक्याचं.

८. पाचशे-हजार किलोमीटर चालल्यावर एकदा परत चेक करा.

अलाइनमेंटवाल्याला काय विचारायचं?

आपल्याकडे अनेक ठिकाणी अलाइनमेंट म्हणजे फक्त पुढच्या चाकांचा टो. त्यात त्यांची चूक नाही. स्विफ्टसारख्या गाडीत कंपनीकडून सहज बदलता येतो तो पुढचा टोच. मागे सरळ एक दांडा असतो, टॉर्शन बीम. तिथे फिरवायला काही नाही.

म्हणून खाली घेतलेल्या गाडीत टो हिरवा येतो आणि कॅम्बर लालच राहतो. कॅम्बर दुरुस्त करायचा तर खास कॅम्बर बोल्ट किंवा वरची ॲडजस्टेबल प्लेट लागते. नाहीतर उंची वाढवायची, एवढाच उपाय.

त्यामुळे जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला कॉम्प्युटर अलाइनमेंट करायला गेलात तर तीन गोष्टी मागा. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंटआउट. त्यात चारही चाकांचे आकडे. आणि गाडीचं बरोबर मॉडेल निवडलंय का, हे स्वतः स्क्रीनवर बघा.

अजून एक गोंधळ. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर पहिला संशय बॅलन्सिंगचा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं धरावं लागत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट बघायची. दोन्ही वेगळी कामं आहेत.

जवळ मशीन नसेल तर? जुने मेकॅनिक दोरी लावून टो बघतात. त्याला हसू नका. गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोरी ताणायची आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासूनचं अंतर मोजायचं. रेसिंगमध्येसुद्धा ही पद्धत वापरतात. नीट केली तर ती तात्पुरती गरज भागवते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचे तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. "आरसीवर ग्राउंड क्लिअरन्सचा रकानाच नाही, मग काय अडचण?" असा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. पण ९ जानेवारी २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाने केरळमधल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल होईल असं मॉडिफिकेशन चालणार नाही.

त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं. परवानगी नसलेल्या पद्धतीने पार्ट बसवून गाडी बदलली तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा अशा प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर क्लेमच्या वेळी आडवा येऊ शकतो.

आणि गाडी आधीच्या मालकाने खाली घेतली असली, तरी आज आरसीवर नाव तुमचं आहे.

सेकंड हँड गाडी घेताना एवढं नक्की करा

स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, खाली बसा आणि टायरची आतली कड बघा. मग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरा टायर. नंतर नक्षीवरून हाताचा तळवा आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडलेला आहे. तारा दिसत असतील तर हात लावूच नका, टायरच बाद समजा. शेवटी चाकामागे मोबाइलचा टॉर्च मारून स्प्रिंगचं टोक बघा. कापल्याची खूण लगेच दिसते.

या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. अलाइनमेंटला काही शे रुपये. चार नव्या टायरांना पंधरा-वीस हजार. आणि ज्या घरात सगळ्यांसाठी मिळून एकच गाडी आहे, दवाखान्यालाही तीच आणि लग्नालाही तीच, तिथे हा हिशोब गाडी घरी आणण्याआधीच केलेला बरा.

तुमच्या गाडीचे टायर तुम्ही आतल्या बाजूने शेवटचे कधी बघितले होते? आज गाडी लावताना स्टिअरिंग वळवून एकदा बघाच.